पहिला फोन कुणाला

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे, आणि स्वभावाने पक्का जळकुकडा आहे. ही दुसरी गोष्ट मी सांगितली नसती तर तुम्हाला कळलीही नसती, कारण टेलिफोनचा चेहरा कुणी वाचत नाही. पण मला जी हकिगत सांगायची आहे, तिच्यात सगळेच कुणा ना कुणावर जळत होते. मग मी एकट्यानेच साळसूदपणाचा आव का आणू?

माझा जन्म कारखान्यातला. साच्यातून निघालो तेव्हा पांढराशुभ्र होतो. आता पिवळट पडलोय. शेवटच्या टेबलावर एक बाई बसायची. ती प्रत्येकाचा रिसीव्हर कानाला लावून ऐकायची आणि आत खरखर असली तर त्याला बाजूला काढायची. माझ्या आधीचा बाजूला गेला. मला ऐकून तिने नुसती मान डोलावली. मला मिळालेलं ते पहिलं कौतुक. तेव्हा कौतुकाची जी चटक लागली, ती अजून सुटलेली नाही.

तिथून मी आलो तो थेट या शुश्रूषागृहात. इथे थकलेली, आजारी, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं राहतात. त्यांच्या घरची माणसं आपापल्या कामाधंद्यात. कुणी याच गावात, कुणी परगावी, कुणी समुद्रापलीकडे. माझं टेबल व्हरांड्याच्या वळणावर, काचेच्या खोलीत. काचेतून मला पलीकडच्या खाटा दिसतात. कुणाला ताप चढला, कुणी घसरून पडलं, कुणी जेवण सोडलं, कुणाचं औषध बदललं, की मोठ्या सिस्टर माझ्यापाशी यायच्या आणि घरी कळवायच्या.

मोठ्या सिस्टर म्हणजे इथल्या मुख्य परिचारिका. घरी फोन करणं हे त्यांच्या लेखी इंजेक्शन देण्याइतकंच जोखमीचं काम होतं. आधी खुर्ची पुढे ओढायच्या, घोटभर पाणी प्यायच्या, मग माझी बटणं दाबायच्या. पहिलं वाक्य ठरलेलं. "घाबरू नका, आजोबा माझ्यासमोरच बसलेत, पण एक सांगायचंय." मग काय झालं, डॉक्टर काय म्हणाले, आम्ही काय केलं, आता पुढे काय. एवढं सांगून त्या गप्प बसायच्या. पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक व्हायचा, वाहता नळ बंद व्हायचा. मग प्रश्न यायचे. कधी नुसताच श्वास यायचा, तोही मी जसाच्या तसा पोचवायचो. शेवटी पलीकडून कुणीतरी म्हणायचं, "बरं झालं फोन केलात." ते आभार सिस्टरांचे असायचे, पण निम्मे तरी मी माझ्याकडे ठेवून घ्यायचो.

कोच आजी आमच्याकडे आल्या त्या स्वतःच्या पायांनी, स्वतःची बॅग स्वतः उचलून. उभा जन्म त्यांनी तलावावर मुलांना पोहायला शिकवलं होतं. पाण्याच्या कडेने चालत ओरडून सूचना द्यायची सवय, त्यामुळे त्यांचं साधं बोलणंही दोन खोल्या ओलांडून जायचं. अलीकडे चक्कर येऊन पडायला लागल्या होत्या, म्हणून इथे राहायचं त्यांनीच ठरवलं. "पोरींच्या संसारात माझी लुडबुड नको," असं त्या पहिल्याच दिवशी माझ्या टेबलाशी उभ्या राहून म्हणाल्या, आणि ते सगळ्या व्हरांड्याला ऐकू गेलं.

त्यांना दोन मुली. थोरली इंजिनिअर, दूर देशात पुलांची कामं बघायची. धाकटीचं इथेच गावात चष्म्याचं दुकान. दर आठवड्याला ती दुकान बंद करून आईला भेटायला यायची. दोघींचं आईवर सारखंच प्रेम होतं, आणि दोघींचा एकमेकींवर सारखाच डोळा होता.

एकदा कोच आजींना ताप आला. मोठ्या सिस्टरांनी थोरलीला फोन केला, मग धाकटीला. धाकटीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताईला आधी सांगितलंत का?"

"छे हो, तुम्हालाच पहिला फोन," सिस्टर म्हणाल्या.

झालं असं की थोरलीलाही त्यांनी हेच सांगितलं होतं. दोघी बहिणींनी त्या आठवड्यात एकमेकींशी बोलून हिशेब जुळवला, आणि पुढच्या भेटीला धाकटीने सिस्टरांना चांगलंच कोंडीत पकडलं. कोच आजी खाटेवरून ऐकत होत्या. त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. "लहानपणी दोघींना एकाच वेळी पाण्यात उतरवावं लागायचं," त्या म्हणाल्या, "नाहीतर जी काठावर राहील ती भोकाड पसरायची."

असे माझे सुखाचे दिवस चालले होते. मग तो आला.

तो म्हणजे संस्थेने घेतलेला मोबाइल. निळं कव्हर, चकचकीत काच. त्याला दिवसातून दोनदा भिंतीशी नेऊन जेवायला घालावं लागायचं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. सिस्टर त्याला खिशात घेऊन हिंडायच्या. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कुणी खिशात घेतलं नव्हतं. मला कसं घेणार, ते मलाही कळतं. पण कळल्याने जळणं कमी होत नाही. त्याच्यात घरच्या लोकांचा एक ग्रुप झाला. आजोबांनी नाश्ता केला, टाकला फोटो. आजींनी केस विंचरले, टाकला फोटो. लगेच पलीकडून अंगठे, फुलं, हात जोडलेले. मी आयुष्यभर माणसांचे श्वास वाहिले आणि मला एक अंगठा कुणी दाखवला नाही.

माझ्याकडे उरले ते पाण्याच्या टँकरवाल्याचे फोन, आणि एका पडद्यांच्या दुकानाचे चुकून लागणारे. "खिडकीला झालरीचा पडदा शिवून मिळेल का?" असं कुणी विचारलं की नव्या सिस्टर हसून फोन ठेवायच्या. नव्या सिस्टर म्हणजे नुकतंच शिक्षण संपवून आलेली मुलगी, कामाला चटपटीत, मोबाइलवर तिची बोटं पावसासारखी पडायची. माझ्या वायरीला पीळ पडत गेला. माझ्या डोक्यावर कुणी औषधांचे खोके रचले. तो मात्र माझ्याच टेबलावर, माझ्याच शेजारी, दिमाखात उजळायचा आणि विझायचा.

एका सकाळी नाश्त्याच्या वेळी कोच आजींच्या हातातून कप निसटला. नव्या सिस्टर फडकं घेऊन धावल्या आणि तिथेच थबकल्या. आजींच्या ओठाचा उजवा कोपरा ओघळला होता. काहीतरी सांगायचं म्हणून त्या तोंड हलवत होत्या, पण शब्द शब्दासारखे येत नव्हते. मोठ्या सिस्टर आल्या, डॉक्टरांना बोलावलं, गाडी आली. मोठ्या सिस्टर आजींचा हात धरून गाडीत बसल्या आणि जाता जाता नव्या सिस्टरना म्हणाल्या, "घरी कळव."

नव्या सिस्टरनी कळवलं. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, कोच आजींना तपासणीसाठी दवाखान्यात हलवले आहे, काळजी नसावी. मग त्या नाश्त्याच्या ताटांकडे वळल्या. त्यांच्या लेखी काम झालं होतं. मी शेजारीच होतो. मला कुणी हात लावला नाही.

त्या दिवशी दुसऱ्या एका आजोबांचा वाढदिवस होता. संदेश पडला आणि त्याच्यावर केक पडायला लागले. सुना, नातवंडं, पुतणे, भाचे, सगळ्यांच्या शुभेच्छा. मोबाइल दिवसभर आनंदाने थरथरत होता. धाकटीने, हे मला मागाहून कळलं, दुकानात दोनतीनदा फोन काढून बघितला, केक दिसले, तिने आपलाही एक केक पाठवला आणि फोन ड्रॉवरमध्ये टाकून ती गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर भिंगं धरत राहिली.

संध्याकाळी ती आली. तिचा यायचा दिवस होता. आईसाठी नवीन फ्रेमचा चष्मा आणला होता. ती नेहमीसारखी काचेसमोरून गेली, माझ्याकडे न बघता, आणि आईच्या खोलीच्या दारात उभी राहिली. खाट मोकळी होती. झाडझूड करणाऱ्या मावशी गादीवरची चादर काढत होत्या.

"मावशी, आई कुठंय?"

मावशींनी वर बघितलं. त्यांना वाटलं, हिला माहीत असणारच. त्या जड आवाजात म्हणाल्या, "सकाळीच नेलं की त्यांना."

मित्रांनो, नेलं या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ होतात. धाकटीने दुसरा घेतला. ती दाराच्या चौकटीला धरून हळूहळू खाली बसली. चष्म्याची डबी मांडीवर ठेवून ती त्या उघड्या गादीकडे बघत राहिली.

मी घशात घंटा असलेलं यंत्र. त्या क्षणी माझ्यावर कुणाचा तरी फोन यावा, मी वाजावं, कुणीतरी धावत यावं, असं मला फार वाटलं. कुणाचा आला नाही. मावशींच्याच लक्षात आलं. त्यांनी चादर टाकली आणि धाकटीसमोर बसून तिचे दोन्ही खांदे धरले. "अगं बाई, दवाखान्यात नेलंय. दवाखान्यात. जिवंत आहेत त्या."

मग नव्या सिस्टर धावत आल्या. धाकटी उठून काचेच्या खोलीत आली. तिचा आवाज शांत होता, आणि त्याचीच भीती वाटत होती.

"माझा नंबर नाही का तुमच्याकडे?"

"ताई, ग्रुपवर टाकलं होतं सकाळीच."

"दाखवा."

नव्या सिस्टरनी मोबाइल पुढे केला. धाकटीने बोटाने केक मागे सारले, फुगे मागे सारले, आणि तळाशी तिला तो संदेश सापडला. त्याच्याखाली थोरलीने हात जोडलेले होते.

"म्हणजे ताईला कळलं," ती म्हणाली. "मला कळलं नाही."

तिने तिथूनच आपल्या मोबाइलवरून थोरलीला फोन लावला आणि त्याचा आवाज मोठा केला. तो तिने टेबलावर, माझ्या पायाशी ठेवला. त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"तुला माहीत होतं आणि तू मला एक फोन केला नाहीस?"

"अगं, मला वाटलं तू तिथेच असशील," थोरली म्हणाली. "मी सकाळपासून दवाखान्यात फोन करतेय. प्रत्येक वेळी वाटायचं, आत्ता ते तुलाच बोलावून देतील. तू असतेसच ना नेहमी जवळ."

"आज नव्हते."

"मला काय माहीत? तू जवळ असतेस, मी नसते. मला फक्त बातम्या मिळतात. तुला आई मिळते. मला त्याचं फार लागतं. तुला कधी बोलले नाही."

धाकटीने फोन उचलला, आवाज बारीक केला आणि बोलत बोलत दवाखान्याकडे निघाली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सिस्टरांनी धाकटीसमोर हात जोडले, सबबी सांगितल्या नाहीत. मग सगळ्यांना खोलीत बोलावून सांगितलं, "यापुढे कुणाच्याही तब्येतीत फरक पडला, की आधी फोन. पलीकडच्या माणसाचा आवाज ऐकल्याशिवाय आपण कळवलं असं म्हणायचं नाही. ग्रुपवर नंतर टाका काय टाकायचं ते." नव्या सिस्टर डोळे पुसत होत्या. मोठ्या सिस्टरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. कुणीतरी माझ्या डोक्यावरचे खोके उचलले सुद्धा. दुपारी एका आजोबांचं रक्तदाबाचं औषध बदललं. मोठ्या सिस्टर खोलीत आल्या, खुर्ची पुढे ओढली, घोटभर पाणी प्यायल्या, आणि खिशातून मोबाइल काढून त्याच्यावरून फोन केला.

तो फोनही होता, हे मी विसरलोच होतो. केक आणि अंगठे त्याचे, ते एक वेळ मी सोसलं होतं. आता सिस्टरांचा आवाज, पलीकडचा श्वास, बरं झालं फोन केलात, हेही त्याचंच झालं. त्या दिवशी मी जितका जळलो तितका आधी कधी जळलो नव्हतो. माझ्या पिवळेपणात त्याची भर पडली असणार.

काही दिवसांनी कोच आजी परत आल्या, चाकाच्या खुर्चीतून. उजवा हात मांडीवर ठेवलेला, जसा दुसऱ्याच कुणाचा. त्या हाताला स्पर्शही कळत नव्हता. बोलणं जड झालं होतं, एकेक शब्द ओढून काढावा लागायचा. डॉक्टर म्हणाले, गिळताना ठसका लागतोय, तेव्हा पाणी, चहा सगळं दवाखान्यात देत होते तसं दाट करूनच द्या. आणि खोली बदला, लक्ष ठेवायला सोपी अशी द्या. मोठ्या सिस्टर हे मुलींना कळवायला काचेच्या खोलीत आल्या. कोच आजींची खुर्ची दारातच होती.

"कुणाची... बातमी?" आजींनी विचारलं.

"तुमचीच, आजी. पोरींना सांगतेय."

"मग मला... आधी सांग."

सिस्टरांचा हात थांबला. त्या वळल्या, आजींसमोर खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांना सगळं सांगितलं. घाबरू नका असं म्हणाल्या नाहीत. आजींनी ऐकून घेतलं. डोळे मिटले, उघडले.

"माझ्या अंगात काय चाललंय," त्या एकेक शब्द उचलत म्हणाल्या, "ते माझ्याआधी पोरींना कळतं. पोरींचा... हेवा वाटतो मला. आता मी सांगते."

सिस्टरांनी मोबाइल त्यांच्या डाव्या हातात दिला. तो गुळगुळीत. बोटांतून सरकून मांडीवर पडला. पुन्हा दिला, कानाला लावला, तर आजींचा गाल काचेला टेकला आणि फोन बंद झाला. तिसऱ्यांदाही तेच. मला हसू येत होतं का? मित्रांनो, येत होतं. पण आजींचे डोळे भरून आले तेव्हा ते जागच्या जागी विरलं. मग त्यांनी मान फिरवली, माझ्याकडे बघितलं आणि हनुवटीने खूण केली.

सिस्टरांनी माझी वायर उलगडली. रिसीव्हर आजींच्या डाव्या कानाशी, मान आणि खांद्याच्या मध्ये बसवला. माझं वजन त्यांच्या खांद्यावर नीट टेकलं. माझी बटणं मोठी, खोलगट. त्यांचं डावं बोट त्यात बरोबर बसायचं.

"कुणाला लावायचा, आजी?" सिस्टरांनी विचारलं. "एका वेळी एकीलाच लागेल."

"थोरलीला. लांब आहे ती."

सिस्टर आकडे सांगत गेल्या, आजी दाबत गेल्या. पलीकडे घंटी वाजली. थोरली हॅलो म्हणाली, घाईचा, कामातला हॅलो.

"मी आहे," कोच आजी म्हणाल्या.

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"हात येत नाही. बोलणं... ऐकतेसच. पाणी दाट करून पितेय. घाण लागतं. खोली बदलणार. खिडकी गेली माझी." आजी दमल्या. "संपली बातमी."

"आई," थोरली म्हणाली, "बोल ना अजून."

"काय बोलू?"

"काहीपण."

मग आजींनी दाट चहाची चव किती वाईट असते ते सांगितलं. त्याला वेळ लागला. थोरलीने मध्ये तोंड घातलं नाही. फोन संपल्यावर त्यांनी धाकटीला लावला आणि तिने विचारायच्या आतच सांगून टाकलं, "ताईला आधी केला. रागव हवं तर."

"रागावले," धाकटी म्हणाली. तिचा आवाज ओला होता. "आता सांग काय झालं ते."

तेव्हापासून तो शिरस्ताच पडला. काही बदललं, की डॉक्टर आधी आजींना सांगायचे. मग मावशी त्यांची खुर्ची ढकलत माझ्यापाशी आणायच्या. ताप आला, आजी सांगायच्या. उजव्या पायात थोडी ताकद आली, आजी सांगायच्या, आणि मग सिस्टर रिसीव्हर घेऊन औषधांची नावं नीट सांगायच्या. दुसऱ्या आजोबांनी बघितलं, त्यांनाही स्वतःच फोन करायचा होता. काही जणांना बोलता येत नव्हतं. त्यांच्यासाठी सिस्टर बोलायच्या आणि ते शेजारी बसून ऐकायचे. मोबाइलचं काम चालूच होतं, फोटो जायचे, केक यायचे. मी जळायचं सोडलं असं म्हणणार नाही. थोडं कमी केलं.

मग कोच आजींचं खाणं उतरत गेलं. छाती भरून यायला लागली. डॉक्टर त्यांच्या खाटेशी बराच वेळ बसले. पुन्हा दवाखान्यात नेऊ का, असं विचारलं. त्या नको म्हणाल्या. दुपारी मावशींनी त्यांना माझ्याकडे आणलं. मी त्यांच्या खांद्यावर टेकलो तेव्हा तो खांदा माझ्याहून हलका लागला.

"तिकीट काढ," त्या थोरलीला म्हणाल्या.

"काढते. किती दिवसांचं काढू?"

"परतीचं आत्ता काढू नकोस."

पलीकडून आलेला श्वास मी आयुष्यात वाहिलेल्या सगळ्यांत जड होता. मग थोरली म्हणाली, "बरं, आई."

धाकटीला त्यांनी एवढंच सांगितलं, "दुकानाला कुलूप लाव."

दोघी आल्या. काचेतून मला त्यांच्या खुर्च्या दिसायच्या, खाटेच्या दोन बाजूंना. आईचा डावा हात दोघींनाही हवा असायचा, कारण उजव्याला धरलेलं कळायचं नाही. आधी त्यावरून नजरानजर झाली. मग त्या आपणहून अधूनमधून उठायच्या, न बोलता जागा बदलायच्या. एका दुपारी, ऊन व्हरांड्यातून सरकत असताना, कोच आजी गेल्या. डावा हात तेव्हा थोरलीच्या हातात होता. धाकटीने उजवा धरला होता, तो तिने सोडला नाही.

मोठ्या सिस्टर सवयीने काचेच्या खोलीत आल्या, खुर्ची पुढे ओढली, माझ्यावर हात ठेवला. मग त्यांच्या लक्षात आलं की ज्यांना कळवायचं, ती माणसं तिथेच आहेत. त्या तशाच माझ्यावर हात ठेवून बसून राहिल्या. मी मोबाइलवर जळलो ते काहीच नव्हतं, मित्रांनो. त्या दुपारी मी त्या दोन लाकडी खुर्च्यांवर जळलो.

आता माझं ऐका. तुमच्या घरचं कुणी असं दूर, दुसऱ्यांच्या हवाली असेल, तर कधीतरी तुम्हालाही फोन येईल. टीव्ही बारीक करा, हातातलं काम ठेवा. सांगणाऱ्याचं पूर्ण ऐकून घ्या. भावाला आधी कळलं की बहिणीला, हे विचारावंसं वाटलं तर विचारा, मी कोण तुम्हाला नावं ठेवणार? पण नंतर म्हणा, "त्यांनाच द्या ना फोन, त्यांच्या तोंडून ऐकायचंय." मग थोडा वेळ जाईल. खुर्ची ढकलत आणावी लागेल, वायर उलगडावी लागेल, कुणीतरी रिसीव्हर त्यांच्या कानाशी धरेल. तेवढा वेळ फोन ठेवू नका.